ज्याची पाटी त्यानेच काढायची

जगात कुठलीही वस्तू आपोआप बिघडत नाही, ती कुणीतरी बिघडवतं, असं मानणाऱ्या माणसांची कुणी यादी केली तर तिच्यात पहिलं नाव आमच्या साडूंचं लागेल. आणि आपलंच नाव पहिलं का लागलं, त्यामागे कुणाचा हात आहे, याची चौकशी ते त्याच दिवशी सुरू करतील. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी अंबाजोगाईला शाळेत इतिहास शिकवतो, ते परळीला राहतात. मी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा बाकीच्या मंडळींनी मला पगार, शेत, भाऊ किती, असं सगळं रीतसर विचारलं. थोरले जावई म्हणून कोपऱ्यात बसलेल्या या गृहस्थांनी पोहे संपेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. मग बशी खाली ठेवली आणि एकच प्रश्न टाकला, “इतिहासच कावून घेतला?” मला आवड होती, असं मी सांगितलं. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “गणितात गेलते का?” मी गणितात खरंच नापास झालो होतो. ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हती. लग्न ठरलं, पण त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर बसताना जरा सावरूनच बसतो.

दूध घेताना ते आधी एक थेंब नखावर घेतात आणि उन्हात धरून पाहतात. लग्नाच्या पंगतीत कुणी मठ्ठा वाढायला आलं की त्याला “आधी तू पी” म्हणतात, आणि तो प्यायला की त्याच्या चेहऱ्याकडे बघत थोडा वेळ थांबतात, तोवर पंगत उठायला येते. त्यांच्या घराच्या बेलचं बटण दाराच्या आतल्या बाजूला बसवलेलं आहे. बटण बाहेर असलं की कुणीबी दाबतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आलेल्या माणसाने अंगणात उभं राहून हाक मारायची, आवाज ओळखीचा निघाला की ते आतून बेल वाजवतात, आणि मग कुणीतरी आलंय हे स्वयंपाकघरात अक्कांना कळतं. अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी. इतकी वर्षं या माणसाबरोबर संसार करून त्या अजून हसतात, याचाही साडूंना मधूनमधून संशय येतो. फोन उचलला तर ते आपणहून “हॅलो” म्हणत नाहीत. समोरच्याने आधी नाव सांगायचं. एकदा त्यांच्याच स्वभावाच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना फोन केला. हे गप्प, तो गप्प. शेवटी दोघांनीही फोन ठेवून दिला, आणि आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे अशी दोघांचीही खात्री झाली.

खरं म्हणजे या माणसाची सगळी नोकरी वीज तयार करण्यात गेली. परळीच्या थर्मलमध्ये ते कोळशाच्या राखेत मिशा पांढऱ्या करून घेत निवृत्त झाले. अशा माणसाने निदान विजेवर तरी विश्वास ठेवावा की नाही? मी एकदा तसं म्हणालो तर त्यांनी माझी कीव केली. “मास्तर, मी बनिवलीय ती. मला म्हाईत हाय ती कशी हाय.” इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे टेस्टर ठेवतात. मांडवात शिरले की आधी मांडवाच्या खांबाला टेस्टर लावणार, मग नवरदेवाला आहेर करणार. आमच्या घराच्या वास्तुशांतीला सगळे प्रसादाला बसलेले असताना हे न्हाणीघरात जाऊन नळाला टेस्टर लावून आले आणि भटजींच्या देखत मला म्हणाले, “नळात करंट न्हाई.” मी आभार मानले. तेव्हा पुढे म्हणाले, “सध्या तरी न्हाई.” त्या वाक्यामुळे माझी बायको कित्येक महिने नळ सोडताना पायात चप्पल घालत होती.

पण या सगळ्याहून वरचढ म्हणजे त्यांच्या पाट्या. जिथे मोठमोठी यंत्रं चालतात तिथे एक रीत असते. कुणी दुरुस्तीसाठी यंत्राला हात लावला की आधी बटण बंद करायचं, त्यावर आपल्या नावाची पाटी अडकवायची, आणि काम झालं की ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. साहेब आला तरी दुसऱ्याने काढायची नाही. साडूंनी ही रीत जशीच्या तशी घरी आणली. पत्र्याचे तुकडे कापून लाल रंग दिला, त्यावर पांढऱ्या अक्षरात “काम चालू आहे, बटण दाबू नये” असं लिहिलं, आणि खाली नावासाठी जागा सोडली. तिथे खडूने नाव लिहायचं. खडू मी माझ्या शाळेतून पुरवतो, आणि तो शाळेचा खडू आहे की बाजारातला, हे ते दर खेपेला जिभेला लावून बघतात. आम्ही सगळे त्यांच्या पाट्यांना हसतो. मात्र अक्कांनी मला एकदा सांगितलं ते ऐकल्यावर मी तोंडावर हसायचं सोडलं. तरुणपणी कुठल्याशा लांबच्या कारखान्यात ते उमेदवारी करत होते. त्यांचा जोडीदार यंत्रात हात घालून बसलेला असताना कुणीतरी घाईत त्याची पाटी काढली आणि बटण दाबलं. जोडीदाराचा उजवा हात गेला. साडू शेजारीच उभे होते. ते स्वतः याबद्दल कधी बोलत नाहीत.

त्या घरात पाटीला काय मान आहे हे मला मिक्सरमुळे कळलं. मिक्सरचं पातं ढिलं झालं म्हणून अक्कांनी त्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि त्या माहेरी बारशाला गेल्या, त्या तिकडेच रमल्या. तेवढ्यात आम्ही नवरा-बायको परळीला गेलो. पातं तोवर साडूंनीच घट्ट करून ठेवलेलं होतं. माझ्या बायकोने शेंगदाण्याची चटणी करायला मिक्सरला हात घातला, तर हे दारातूनच ओरडले, “पाटी हाय!” ती म्हणाली, “दाजी, अक्काचीच हाय ना? अन् पातं तर तुमीच बसवलंय.” “पातं कुणीबी बसवंल. पाटी अक्काच काढंल.” “मग फोन लावते अक्काला, तिनं हो म्हणलं की काढू.” साडूंनी मान हलवली. “आवाजावर पाटी निघत न्हाई. आवाज कुणाचाबी काढता येतो.” शेवटी खलबत्ता बाहेर आला आणि शेंगदाणे मी कुटले. चटणी चांगली झाली, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

या घरात एक वस्तू अशी होती की जिच्यावरची पाटी कधी निघालीच नाही. तिला सगळे डबा म्हणत. विजेचा दाब वरखाली झाला तर त्याला जोडलेल्या वस्तूला धक्का लागू नये म्हणून बसवतात तो स्टॅबिलायझर. हा साडूंनी उमेदीच्या काळात स्वतःच्या हातांनी बनवला होता: हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी, समोर एक थरथरणारा काटा, आणि कडीला अडकवलेली लाल पाटी, खाली नाव त्यांचं. पहिला टीव्ही या डब्याच्या मागून चालला, मग फ्रिज. त्यांच्या मुलीचा, ऋतूचा जन्म दिवस भरायच्या आधी झाला तेव्हा तिला ऊब मिळावी म्हणून पाळण्याजवळ बल्ब ठेवला होता, तोही या डब्याच्याच मागून. बल्ब क्षणभरही लुकलुकू नये म्हणून साडू म्हणे खुर्ची टाकून काट्याकडे बघत बसायचे. जगातल्या सगळ्या वस्तूंवर संशय घेणारा माणूस या डब्यावर मात्र देवासारखा भरवसा ठेवून होता. त्याचं कारण मी विचारलं नाही, कारण माझ्या प्रश्नावरही त्यांनी संशय घेतला असता.

ऋतू ही त्यांची एकुलती एक मुलगी. घरात राहून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. अजून न बांधलेल्या इमारती बांधल्यावर कशा दिसतील याची हुबेहूब चित्रं संगणकावर काढायची, असं ते काम. “जी बिल्डिंग बांधलीच न्हाई तिचा फोटू कसा निघतो?” हा साडूंचा त्या कंपनीवरचा पहिला आणि कायमचा आक्षेप. या कामाला दुकानातला तयार संगणक पुरत नाही म्हणून पोरीने एकेक भाग मागवला आणि जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने जोडला. ते चालू असताना साडू शेजारी बसून प्रत्येक खोका आधी कानाशी नेऊन हलवत होते. जोडून झाल्यावर त्यांनी अक्कांची नेलपॉलिश मागून घेतली आणि आतल्या प्रत्येक भागावर एकेक ठिपका दिला. उद्या दुरुस्तीला नेलं आणि कुणी भाग बदलला तर लगेच कळावं! यंत्र टेबलावर बसलं, टेबलाखाली अर्थातच डबा बसला, आणि पोरगी घरातून कमवायला लागली. त्या काळात मी साडूंना जितकं खूश पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. अर्थात खूश असले की ते भुवया थोड्या खाली आणतात, एवढाच काय तो फरक.

मग एका शनिवारी, सकाळची शाळा नुकतीच सुटलेली, मला फोन आला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, तेव्हा पलीकडून आवाज आला, “मास्तर, पंच म्हणून या.”

“का हो, चोरी झाली का?”

“ते आल्यावर ठरवू.”

मी एसटी पकडून गेलो, अंगणात उभं राहून हाक मारली, आतून बेल वाजली. साडू बाहेर आले, मला फाटकाजवळ बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, “मशीन चालू व्हईना. सोमवारी सकाळी पोरीला मोठं काम पाठवायचंय. कंपनी म्हणती, घरच्या मशीनचा भरवसा नसंल तर पुण्यालाच या, इथं हापिसात बसा. कायमचं.” मग आणखी हलक्या आवाजात, “चालू न्हाई झालं तर पोरगी जाती, मास्तर.” मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, पण लगेच ते म्हणाले, “मागच्या खेपेला तुमी ह्याच मशीनला फोन चार्जिंगला लावलता ना?” आणि ती दया जागच्या जागी विरली.

आत ऋतू कॅबिनेट उघडून बसली होती. तिने मला झालेली हकिगत सांगितली. मोठ्या कामासाठी तिने यंत्रात चित्रांसाठीचा एक नवा, विटेसारखा जाडजूड भाग बसवला होता. तेव्हापासून बटण दाबलं की दिवे लागायचे, पंखे गरकन फिरायचे, कुठूनतरी टक् असा आवाज यायचा आणि सगळं अंधारात जायचं. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. तिने मला करून दाखवलं. टक्. नव्या भागावर माझ्या मते उघड उघड संशय होता, आणि तो काढून ठेवल्यावर यंत्र मुकाट्याने चालूही झालं. “सापडला!” साडू ओरडले. पण त्या भागाशिवाय सोमवारचं काम होणार नव्हतं, आणि एकावर आळ आला म्हणून बाकीच्यांना मोकळं करणं साडूंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सगळ्यांचीच उलटतपासणी सुरू केली.

पहिली पाळी शेजारच्या पिठाच्या गिरणीची. गिरणी सुरू झाली की आपली वीज ओढून घेते, असा त्यांचा जुनाच वहीम. अक्कांना गच्चीवर उभं केलं. त्या वरून “चालू झाली”, “बंद झाली” असं ओरडायच्या आणि ऋतू खाली बटण दाबायची. गिरणी बंद असतानाही टक्. मग राखेची पाळी. परळीत राख कुठेही शिरते, तेव्हा साडूंनी दाढीचा जुना ब्रश घेऊन यंत्राचा कोपरा अन् कोपरा झाडला. टक्. मग बटणावरच संशय आला, म्हणून बटणाच्या वायरी सोडवून ऋतूने आतल्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने एकमेकींना टेकवल्या, यंत्र तसंही सुरू होतं म्हणे. पंखे फिरले, टक्. पुढे तिने स्मरणशक्तीच्या पट्ट्या काढल्या आणि त्यांची पितळी टोकं घासायला खोडरबर मागितलं. हे माझ्या खिशात होतं. शाळामास्तरांचा विज्ञानाला एवढाच हातभार लागतो, तो मी मोठ्या तोऱ्यात लावला. साडूंनी खोडरबर हुंगून पाहिलं, मग मुलीला दिलं. टक्. मध्ये अक्कांनी धपाटे आणि दही आणून ठेवलं. मी खाल्लं, ऋतूने खाल्लं, साडूंनी ताटाला हात लावला नाही. हा माणूस ताटावर संशय घेऊन नव्हे, तर पोरीच्या काळजीने उपाशी राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दुपार कलताना आम्ही रिक्षा करून यंत्र बाजारातल्या दुकानात नेलं. साडूंनी कॅबिनेट तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेतलं होतं आणि खड्डा आला की ते रिक्षावाल्याला नाव विचारत होते. दुकानदाराने यंत्र टेबलावर ठेवलं, भिंतीतल्या प्लगला जोडलं, बटण दाबलं. यंत्र चालू झालं. नव्या भागासकट चालू झालं, आणि चालूच राहिलं. दुकानदार खांदे उडवून म्हणाला, “काका, कायबी झालं न्हाई याला.” साडूंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. “तुमी कायतरी केलं.” “काका, मी निस्तं बटण दाबलं.” “कोणत्या बोटानं?” त्याने अंगठा दाखवला. घरी आल्यावर ऋतूने यंत्र जागेवर ठेवलं, वायर होती तिथे जोडली आणि अंगठ्याने बटण दाबलं. टक्. साडूंनी कॅबिनेट उघडून नेलपॉलिशचे ठिपके तपासले. सगळे जागच्या जागी होते. दुकानदार सुटला.

मग साडू स्टुलावर बसले आणि बोटांवर मोजत एकेकाला वगळायला लागले. गिरणी नाही. राख नाही. बटण नाही. नवा भाग नाही. दुकानदार नाही. माझ्याकडे पाहून ते जरा थांबले, पण मला एवढं डोकं नाही असा निर्णय त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला आणि मीही सुटलो. बोटं संपली. मग त्यांनी मान वर केली, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुला पुण्याला जायचंय.”

हा प्रश्न नव्हता. ऋतूचा हात बटणावरून खाली आला. अक्का स्वयंपाकघरातून उलथनं हातात घेऊनच बाहेर आल्या. “लाज वाटती का? लेकरावर वहीम घेता? रातंदिस राबायलीय ती ह्या मशीनपाशी.” मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं; आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा राग आला, खूप राग आला. संशयाची गंमत असते ती दूधवाल्यावर, रिक्षावाल्यावर, माझ्यावर. ती या पोरीपर्यंत पोचायला नको होती.

ऋतूचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. म्हणाली, “पप्पा, तुमीच शिकवलं ना, सगळे वगळायचे आन् जो उरंल तो धरायचा. मग नीट मोजा की. ह्या खोलीत कशाला हात न्हाई लावला आपण?”

साडूंनी टेबलावर पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांची नजर टेबलाखाली गेली. तिथे डबा होता. काटा थरथरत होता आणि पाटी लटकत होती. दुकानात यंत्र भिंतीला जोडलं होतं, घरी डब्याला, हे त्या वेळी माझ्यासारख्या इतिहासवाल्यालासुद्धा दिसलं. टीव्ही आणि बल्ब सांभाळायला बनवलेल्या त्या म्हाताऱ्या पेटीला नव्या भागाचं जास्तीचं ओझं झेपत नव्हतं, आणि ओझं पडलं की ती स्वतःच टक् करून हात वर करत होती. यंत्राला जपणाराच यंत्राला उठू देत नव्हता.

साडूंनी विचारलं, “तुला म्हाईत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. पण डब्याचं नाव घेतलं असतं तर तुमाला पटलं नसतं.”

“मंग काढला कावून न्हाई? मी बाजारात गेलतो, देवळात गेलतो, तवा काढायचा.”

“तुमची पाटी हाय त्याला,” ऋतू म्हणाली. “मी कशी काढू?”

मी साडूंच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं. ते स्टुलावरून उतरून टेबलाखाली वाकले. त्या घरात पाटी काढताना ज्याची त्याने मोठ्याने सांगायची पद्धत आहे, तसं त्यांनी सांगितलं, “माझं काम संपलं. पाटी वापस.” पाटी काढली, डबा बाजूला ठेवला, यंत्राची वायर स्वतःच्या हाताने भिंतीतल्या प्लगमध्ये बसवली आणि बाजूला झाले. बटण ऋतूने दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले. आम्ही सगळे टक्ची वाट पाहत उभे. टक् आलं नाही. पडद्यावर एक अर्धवट इमारत उगवली. साडूंनी डब्याच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि इतकंच म्हणाले, “म्हातारा झालाय.” मग त्यांनी थंड झालेले धपाटे मागून घेतले आणि न हुंगता खाल्ले.

रविवारी मी तिथेच होतो. ऋतूने काम पुरं करून पाठवलं, आणि दुपारच्या चहाला कप हातात घेऊन बापासमोर बसली. म्हणाली, “पप्पा, आता मशीन बी चांगलं हाय आन् काम बी गेलं. आता सांगते. मला जायचंय पुण्याला. तिथं शिकायला लई हाय.”

साडूंचा संशय खरा होता तर! पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही दिसेना. “मंग मशीन बंद होतं तवाच जायचं की. आयतंच झालं असतं.”

“तवा गेले असते तर मशीननं घालिवलं असं झालं असतं,” ती म्हणाली. “मला तुमी पाठवायला पाहिजे.”

चहा निवला. अक्का पदराने डोळे पुसत होत्या. साडूंनी बराच वेळ कपाच्या कानाकडे बघितलं, जणू तोही कुणीतरी ढिला करून ठेवला होता. मग विचारलं, “खोलीत अर्थिंग हाय का?” यालाच त्या घरात होकार म्हणतात.

पुढचा सगळा खटाटोप सांगत बसलो तर संपणार नाही. ते पुण्याला जाऊन आले, घरमालकीणबाईंच्या तोंडादेखत प्रत्येक प्लगला टेस्टर लावून आले, गिझर बघून आले, आणि ज्या कंपनीवर त्यांचा विश्वास नव्हता तिच्या दारातल्या पहारेकऱ्याशी दोस्ती करून आले, कारण तोही येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघत होता. ऋतू निघाली त्या सकाळी आम्ही दोघं स्टँडवर गेलो होतो. साडूंनी गाडीच्या चाकांना लाथा मारून पाहिल्या, ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घेतला, आणि गाडी हलल्यावर मात्र तिच्याकडे पाठ करून पेपरच्या स्टॉलवरच्या बातम्या वाचत उभे राहिले. पेपर उलटा होता. मी सांगितलं नाही.

कंपनीत तिला दुसरं यंत्र मिळतं, म्हणून तिचं यंत्र परळीतच राहिलं. आम्ही स्टँडवरून परत आलो तेव्हा टेबलावर ते होतं, आणि त्याच्या बटणावर एक लाल पाटी अडकवलेली होती. काम चालू आहे, बटण दाबू नये. खाली खडूने तिचं पूर्ण नाव, ऋतुजा. पोरगी निघायच्या आधी कधी लावून गेली, आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं. साडू त्या पाटीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता चौकशी सुरू होणार. त्यांनी फक्त टेस्टर खिशात ठेवला.

याला आता बरेच दिवस झाले. ऋतू सणावाराला येते, मोठ्याने “पाटी वापस” म्हणते, यंत्र चालू करते, बापाला त्यावर न बांधलेल्या इमारती दाखवते, आणि जाताना पाटी पुन्हा लावून जाते. एरवी ते यंत्र बंद असतं. परळीची राख रोज त्याच्यावर बसते आणि साडू रोज ती दाढीच्या ब्रशने झाडतात, पाटीचा तेवढा भाग सोडून, नाहीतर खडू पुसला जाईल. माझी बायको एकदा बोलून गेली, “दाजी, पडून पडून खराब होईल ते, देऊन टाका की कुणाला.” ते म्हणाले, “पाटी हाय. तिनंच काढायची असती.” मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हाही, मी नुसता त्या टेबलाजवळून गेलो तर त्यांनी मला हातातला चार्जर दाखवायला लावला. आणि हाच माणूस, ज्याने दुकानदाराला कोणत्या बोटाने बटण दाबलंस म्हणून विचारलं होतं, त्याने पोरीला अजून एकदाही विचारलेलं नाही की बंद पडून असलेल्या त्या यंत्रावर नेमकं कसलं काम चालू आहे.